पट्टा आपला, परीक्षा कुणाची?

(नागरा, जि. गोंदिया येथे कराटेच्या पहिल्या पट्ट्याच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली व त्यांच्या आया यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मायबहिणींनो,

परीक्षेला आठच दिवस राहिलेत. अशा वेळी बाहेरून आलेल्या बाईचं भाषण ऐकत बसणं तुमच्या जिवावर आलं असणार. एवढ्या वेळात चारदा काता करून झाला असता. म्हणून मी उपदेश करत नाही. मी नापास कशी झाले, ते सांगते.

मी छत्तिसाव्या वर्षी पांढरा पट्टा बांधला. माझ्या वर्गात बाकीची सगळी शाळेतली पोरं. परीक्षेच्या दिवशी माझे हात बरोबर होते, पाय बरोबर होते. हेइआन शोदान हा काता तुम्हाला पाठ आहे. त्यात एकवीस हालचाली. नवव्या आणि सतराव्या हालचालीला पोटातून ओरडायचं, त्याला कियाई म्हणतात. नववी हालचाल आली. माझं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. सतराव्यालाही नाही. परीक्षकांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. निकाल लागला : तीन महिन्यांनी या.

घरी येऊन खूप रडले. मग विचार करू लागले. लहानपणी आजी म्हणायची, हळू बोल. शाळेत हसलं तरी बाई डोळे वटारायच्या. लग्नानंतर तर माझा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर ऐकू गेला नाही, याचंच कौतुक झालं. छत्तीस वर्षं जी गोष्ट गिळायला शिकले, ती तीन महिन्यांत बाहेर कशी येणार? पुढचे तीन महिने मी रोज संध्याकाळी रेल्वेच्या रुळांपासून थोडं दूर उभी राहायची. मालगाडी धडधडत जायला लागली, की तिच्या आवाजात आपला आवाज मिसळून ओरडायची. गोंदियाला मालगाड्यांची काय कमी! एके दिवशी गाडी निघून गेली आणि मी ओरडतच राहिले. त्या दिवशी कळलं, आता जमलं.

त्या परीक्षकांचे मी आजही आभार मानते. ‘बाई आहे, एवढं केलं तेच खूप’ असं म्हणून त्यांनी मला पास केलं असतं, तर तो अपमान मला कळलाही नसता.

मैत्रिणींनो, आपल्या शरीराची एक परीक्षा आपण सगळ्याजणी ओळखतो. पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं. मान खाली. चालून दाखव म्हटलं की चालायचं, नाव विचारलं की ऐकू येईल न येईल असं सांगायचं. रंग, उंची, केस यांना गुण पडतात, आणि निकाल दुसऱ्याच्या घरून येतो. नापास का झालो, ते कुणी सांगत नाही. पुढच्या रविवारच्या परीक्षेतही शरीरच आहे. पण इथे मान वर लागते, नजर समोर लागते, आवाज पोटातून लागतो. रंगाला गुण नाहीत. चूक झाली तर कोणती झाली ते सांगतात, आणि ती सुधारता येते. बाईच्या शरीराकडे असंही बघता येतं, हे आपल्यापैकी कितीजणींनी याआधी अनुभवलंय?

याचा अर्थ पट्ट्यांच्या जगात सगळं न्यायाचं आहे असं नाही. पट्ट्यांची पद्धत जूडोतून आली. जिगोरो कानो यांनी जपानमध्ये १८८२ साली जूडोची शाळा काढली, तिचं नाव कोदोकान. दर्जे देण्याची त्यांची रीत गिचिन फुनाकोशी यांनी कराटेत घेतली आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. याच कानोंच्या हाताखाली केइको फुकुदा ही मुलगी शिकली. तिचे आजोबा कानोंचे गुरू होते. उंची पाच फुटांहूनही कमी. लग्न केलं तर जूडो सोडावं लागेल, म्हणून तिने लग्न नाकारलं. काळ्या पट्ट्यातली पाचवी पायरी तिला १९५३ मध्ये मिळाली, आणि तिथे ती थांबली. थांबली म्हणजे थांबवली गेली. पाचवीच्या पुढे बाईला चढवायचंच नाही, असा रिवाज. तिच्या हाताखालचे पुरुष शिष्य वर गेले, ती तिथेच. शेवटी पत्रांची मोहीम झाली, तेव्हा १९७२ मध्ये सहावी पायरी मिळाली. नववी मिळाली २००६ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. २०१३ मध्ये ती गेली, पण अगदी शेवटपर्यंत शिकवत होती. जपानात बायकांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघ असायची, हा बाईचा पट्टा आहे हे लांबूनच कळावं म्हणून. ती रेघ तिथल्या जूडो संघटनेने २०१७ साली काढून टाकली. तेव्हा पट्ट्याला भुलू नका, पण आपल्या हक्काचा असेल तर तो सोडूही नका.

आता तयारीचं बोलू. आठ दिवसांत नवं काही शिकायला जाऊ नका. आहे ते पक्कं करा.

पहिली गोष्ट, पाय. पुढचा गुडघा वाकवून उभं राहताना तुमच्यापैकी बऱ्याचजणींची पावलं एका रेषेत येतात, धुऱ्यावरून चालल्यासारखी. धुऱ्यावर ते ठीक. इथे कुणी हलकं ढकललं तरी कोलमडाल. दोन पावलांत खांद्याएवढं अंतर ठेवा. मुलींना पाय जुळवून उभं राहायला शिकवलेलं असतं, म्हणून ही चूक मुलांपेक्षा आपल्यात जास्त. आणि ताकद नाही असं म्हणू नका. रोवणीत दिवसभर चिखलात वाकून उभं राहणाऱ्या बायकांच्या मुली तुम्ही. ती ताकद आपल्या मांड्यांत आहेच, फक्त तिला कुणी ताकद म्हटलं नाही, काम म्हटलं. तेही अर्ध्या मजुरीचं.

दुसरी गोष्ट, मूठ. अंगठा मुठीच्या आत नको, बाहेर. मनगट सरळ. भाकरी थापताना, पाणी भरताना, मध्ये मध्ये मूठ वळून बघा.

तिसरी, काता. अंगणात रांगोळीचा एक ठिपका काढा आणि त्यावर उभं राहून हेइआन शोदान सुरू करा. हा काता जिथे सुरू होतो तिथेच संपतो. शेवटचं पाऊल ठिपक्यापासून दूर पडलं, तर मध्ये कुठे तरी पाऊल आखूड पडलं असं समजा. बहुधा ओरडण्याच्या जागीच पडतं. तिथे आपण आक्रसतो. आणि हे लक्षात घ्या, या कात्याची पहिली हालचाल अडवण्याची आहे, मारण्याची नाही.

चौथी, जोडीचा सराव. मार अडवल्यावर ‘सॉरी’ म्हणू नका. हसू नका. समोरची ठरल्याप्रमाणे मारणार आहे, तुम्ही ठरल्याप्रमाणे अडवणार आहात. यात माफी कसली? मागे सरायचं ते शिकवलंय तेवढंच. भिंतीपर्यंत नाही.

पाचवी गोष्ट मोठ्याने बोलायची नसते असं म्हणतात, म्हणून मोठ्यानेच बोलते. पाळी. ड्रेस पांढरा आहे आणि डागाच्या भीतीने मुली परीक्षाच चुकवतात. आत गडद रंगाची घट्ट चड्डी घाला, जादा पॅड आणा, बरोबर एक मैत्रीण ठेवा. तरीही डाग पडला तर काता पूर्ण करा. रक्त काही गुन्हा नाही. आयांनो, त्या दिवशी पोरीला बाजूला बसवू नका. तिला परीक्षेला पाठवा.

आणि जेवा. परीक्षा सोमवारची असती तर तुमच्यातल्या निम्म्याजणी महादेवाचा उपास करून आल्या असत्या, मला ठाऊक आहे. नागऱ्याच्या महादेवाला उपाशी पोटी चक्कर येऊन पडलेली पोर बघून आनंद होणार नाही. सकाळी दोन तास आधी थोडं खाऊन या. बांगड्या, पैंजण, नथनी काढा. मुलांनीही कडं आणि अंगठी काढायची असते. नियम इजा होऊ नये म्हणून आहे.

आता आयांसाठी दोन गोष्टी. एक, पैसा. परीक्षेची फी दर पट्ट्याला भरावी लागते. घरात मुलगा आणि मुलगी दोघंही शिकत असतील तर कुणाची फी राहते, ते मी सांगायला नको. वर्ष सुरू होतानाच विचारा, किती परीक्षा, किती फी, प्रमाणपत्र कोणत्या संघटनेचं. पावती घ्या. फी भरणारा प्रत्येकजण पास होत असेल, तर तो पट्टा विकत घेतलेला आहे, कमावलेला नाही. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींना समग्र शिक्षा योजनेतून, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने, तीन महिन्यांचं स्वसंरक्षण शिकवतात. चांगलं आहे. पण तीन महिन्यांत मुलगी पहिल्या पट्ट्याच्या दाराशी पोचते. त्यानंतर तिला पुढे न्यायचं तर गावालाच जागा, वेळ आणि पैसा काढावा लागेल. बचत गटाच्या बैठकीत हा विषय घ्या.

दोन, विश्वास. शिकवणारे सर असोत की मॅडम, वर्गाचं दार उघडं असलं पाहिजे. हात-पाय बरोबर करायला शिकवणारे आधी सांगतात, मग हात लावतात. पोर सांगू लागली की सरांचं वागणं बरं वाटत नाही, तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा, पट्ट्याचं नंतर बघू. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. १०९८ ला फोन करता येतो.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. एका आईने मघाशी मला विचारलं, ‘‘पोरीले पट्टा भेटला का मंग चिंता नाही ना वो बाई?’’ माय, मला ‘हो’ म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की वडसा लागतं. म्हणजेच देसाईगंज. तिथल्या पोलिस ठाण्यात १९७२ च्या मार्चमध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. करणारे पोलिसच. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे तिने विरोध केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो निष्कर्ष. रात्रीची वेळ, पोलिस ठाणं, समोर वर्दीतले पुरुष. तिथे एका पोरीने अंगावर जखमा करून घ्यायला हव्या होत्या, तर तिचं खरं मानलं असतं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी उघड पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलं गेलं की केवळ शारीरिक विरोध केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. हे शब्द आपल्याच भागातल्या एका मुलीच्या दुःखातून सुरू झालेल्या लढ्याने मिळालेत.

मला भीती ही वाटते की उद्या कुणी म्हणेल, ‘‘तुला तर कराटे येत होतं, मग तू मारलं का नाहीस?’’ म्हणजे पट्टाच आपल्याविरुद्ध साक्षीला उभा राहील. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. स्वतःला वाचवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, पण तो हक्क आहे. सक्ती नाही. ज्या मुलीला मारता आलं तिने मारावं. जिला पळता आलं तिने पळावं. जिचं अंग दगडासारखं थिजलं तिचीही चूक नाही. चूक हात घालणाऱ्याची, आणि त्याला शिकवायची जबाबदारी त्याच्या घराची, शाळेची, गावाची. मुलींच्या कमरेला पट्टे बांधून गाव मोकळं होऊ शकत नाही.

मग पट्टा कशाला? तर यासाठी की आपलं शरीर आपलं आहे, हे नुसतं भाषणात ऐकून कळत नाही. पाय रोवून, मूठ वळून, पोटातून ओरडून कळतं. एकदा कळलं की रस्त्यावर, बसमध्ये, घरातसुद्धा बाई वेगळी उभी राहते. ‘नाही’ म्हणताना आवाज घशात अडकत नाही. माझा पट्टा पेटीत पडून असतो. तो आवाज मात्र रोज वापरते.

बस, माझं संपलं. आता तुम्ही उठा, ओळीत उभ्या राहा आणि काता सुरू करा. नववी हालचाल आली की मागच्या मायबहिणींनीही ओरडायचं आहे. मालगाडीची वाट बघू नका.