आठवण ठेवणारे पत्ते

पत्त्यांचा डाव म्हटला की आपल्याला रमी, मेंढीकोट, बदाम सात आठवतात. या खेळांत एक मोठा दिलासा असतो. अंगावर कोट बसला तरी पत्ते पुन्हा पिसायचे, वाटायचे, की मागचे सारे पुसले जाते. आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे, त्यातले पत्ते मात्र मागचे विसरत नाहीत.

‘अर्कहॅम हॉरर : द कार्ड गेम’ हा खेळ अमेरिकेतल्या फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीने २०१६ साली काढला. नेट फ्रेंच आणि एमजे न्यूमन हे त्याचे रचनाकार. एच. पी. लवक्राफ्ट या अमेरिकी लेखकाच्या भयकथांतले अर्कहॅम हे काल्पनिक शहर, काळ १९२० च्या दशकातला. खेळाडूंपैकी कुणी सरकारी तपास अधिकारी होतो, कुणी ग्रंथपाल, कुणी हॉटेलात वाढपाचे काम करणारी बाई. ते एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सगळे एका बाजूला आणि समोर संकटांच्या पत्त्यांचा गठ्ठा.

एक डाव म्हणजे गोष्टीचे एक प्रकरण. मूळ संचातली गोष्ट तीन प्रकरणांची आहे. प्रत्येक प्रकरण संपले की एका कागदावर नोंद करायची. साधा कागद आणि पेन्सिल, पण खेळाचा प्राण तिथेच आहे. जखमी होऊन डावातून बाद झालात, तर शरीरावर किंवा मनावर एक कायमचा घाव लिहिला जातो. पुढचे प्रत्येक प्रकरण त्या घावासह सुरू होते. घाव सहनशक्तीइतके झाले, की ते पात्र मरते किंवा वेडे होते. दुसऱ्या बाजूला अनुभवाचे गुणही मिळतात आणि त्यांतून अधिक प्रभावी पत्ते घेता येतात. म्हणजे माणूस एकाच वेळी शहाणाही होत जातो आणि झिजतही जातो.

पहिल्याच प्रकरणाचा शेवट पाहा. मुख्य शोधकर्त्याच्या घरात प्रेतभक्षक पिशाच्चे शिरलेली असतात. त्यांचा म्होरक्या मारला जातो, आणि मदतीला आलेली लीटा नावाची स्त्री म्हणते, हे घर जाळून टाका. जाळले, तर ती सोबत येते, पण मनावर एक घाव बसतो. नाही म्हटले, तर घर शाबूत राहते आणि अनुभवाचा एक गुण जास्तीचा मिळतो. इतर कितीही वाद घालोत, निर्णय ज्याचे घर त्यानेच घ्यायचा. पुढचे प्रकरण घर उभे असेल तर घरातून सुरू होते, नसेल तर शहरातल्या दुसऱ्या वस्तीतून. म्होरक्या जिवंत सुटला असेल, तर त्याचा पत्ता पुढच्या गठ्ठ्यात मिसळायचा. तो केव्हा वर येईल, सांगता येत नाही.

हरलात म्हणून गोष्ट थांबतेच असे नाही. दुसऱ्या प्रकरणात गुप्त पंथाचे जितके लोक निसटतात, त्यांची नावे कागदावर चढतात आणि तिसऱ्या प्रकरणात ती महागात पडतात.

या साऱ्यावर पंच कोण? कुणीच नाही. पेन्सिलीने लिहिलेला घाव खोडरबराने पुसता येतो, जळलेले घर क्षणात उभे करता येते. ‘तो डाव धरायचा नाही, पुन्हा खेळू’ असे म्हणायला कुणाची आडकाठी नाही. पण तसे केले की गोष्ट संपते, उरतात फक्त चित्रांचे पत्ते. चार जण एका टेबलाभोवती बसून आपलेच नुकसान आपल्या हाताने प्रामाणिकपणे लिहितात, म्हणूनच शेवटी मिळालेला विजय त्यांना खरा वाटतो. मुले एखादा खेळ आठवडेच्या आठवडे का खेळत बसतात, असा प्रश्न पडला, तर त्यांच्या जवळचा तो कागद एकदा मागून वाचा. काय गमावले आणि ते कुणी मान्य केले, हे त्यात लिहिलेले असेल.