सियालदहची लोरेटो शाळा

मुलींची कॉन्व्हेंट शाळा म्हटली, की कडक इस्त्रीचा गणवेश, शिस्त आणि फाडफाड इंग्रजी एवढंच आपल्याला आठवतं. कोलकात्यात सियालदह स्टेशनजवळच्या लोरेटो शाळेत हेही आहेच. पण तिचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं.

१९७९ साली सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या. जन्माने आयरिश, पण १९५६ पासून भारतातच. त्यांनी फी न परवडणाऱ्या मुलींची संख्या वाढवत निम्म्याच्या आसपास नेली. निकाल घसरेल, ही पालकांची नेहमीची भीती. बाईंनी ती मनावर घेतली नाही, हे बरंच झालं!

मग १९८५ मध्ये शाळेत ‘रेनबो’ हा उपक्रम सुरू झाला. फुटपाथवर राहणाऱ्या मुली जमेल तेव्हा शाळेत येत. पोट भरायचं काम सांभाळून येणाऱ्या मुलीला घंटेचं वेळापत्रक कसं झेपणार? शाळेतल्याच मोठ्या मुली एकेकीला शेजारी बसवून अक्षरं, हिशेब शिकवत. खरी मेख अशी, की हे शिकवणं कार्यानुभवाच्या तासाला, अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून चाले. त्यामुळे कुणाचा अभ्यास बुडत नसे आणि कुणी कुणावर उपकारही करत नसे. रात्री रस्त्यावर राहणं धोक्याचं, म्हणून पुढे कित्येकींची राहायची सोयही शाळेच्या इमारतीतच झाली.

सिस्टर सिरिल यांना २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये त्या गेल्या. शाळेच्या वास्तूत निवारा देण्याची त्यांची कल्पना मात्र ‘रेनबो होम्स’ या नावाने इतर शहरांतही पोहोचली आहे.