वाटी भरलेली, पिलू उपाशी



कॉकॅटीलचे पिलू विकताना दुकानदार सांगतो, "दाणे खातंय, न्या बिनधास्त." पण पिलू दाणा चोचीत घेते, फोडते अन् टाकून देते. वाटीत टरफले दिसली म्हणजे पोटात गेले असे नव्हे! गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने हळूच चाचपा. झोपायच्या वेळी ती रिकामी असेल, पिलू मान हलवत सारखे ओरडत असेल, तर ते अजून भरवायचेच आहे. वय काही का सांगितले असेना.

दूध-पाव नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. पिलांची तयार पूड मिळते. ती कोमट पाण्यात कालवून ३९ ते ४१ अंशांवर द्या. जास्त गरम असेल तर पिशवी आतून भाजते, गार असेल तर अन्न तिथेच आंबते. तोंड उघडत नसेल तर कोंबू नका, श्वासनलिकेत जाते. (आपला हिरवा पोपट पाळायला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदीच आहे. त्याचे पिलू सापडले तर वनखात्याला कळवा.)

रोज सकाळी उपाशीपोटी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा, वहीत लिहा. दोन-तीन दिवस घटत गेले, तर भरवणे पुन्हा सुरू करा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.