घरचं गाणं, घरचाच सर्व्हर

कपाटात सीडींचा ढीग आहे, पण वाजवायला यंत्रच उरलेलं नाही, अशी घरं आता बरीच. त्या सीडी संगणकावर उतरवून घेतल्या, की घरातच आपली संगीतसेवा उभी राहते. जुना लॅपटॉप किंवा तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक सर्व्हर म्हणून पुरतो. त्यावर नॅव्हिड्रोम हे मोफत सॉफ्टवेअर बसवायचं. ते फोल्डर वाचून गाण्यांची यादी लावतं आणि मोबाइलवर ऐकवतं.

सीडीचा एक तास म्हणजे सुमारे ६३५ एमबी. फ्लॅक या फाइल-प्रकारात तो बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो, आणि आवाजातला कणही हरवत नाही. प्रवासात नेट मंद असलं, तर सर्व्हर तीच फाइल वाटेत लहान करून धाडतो.

खरी मेहनत गाण्यांच्या फाइलींवर नावं लिहिण्याची. एका फाइलवर ‘भीमसेन जोशी’ आणि दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’ असेल, तर यंत्राच्या लेखी ते दोन गायक! राग कुठे लिहायचा, हेही आधी ठरवा. मी तो शीर्षकातच लिहितो. ही नावं भरायला पिकार्ड नावाचं सॉफ्टवेअर मदत करतं, पण आपल्या मैफलींपुढे तेही गोंधळतं.

बाहेरून ऐकायचं तर राउटरचं दार सताड उघडू नका, वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा खासगी सुरक्षित मार्ग, वापरा. आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरात.