शेवटच्या आठवड्यात पाणी कधी बंद करायचं?

थंडी सुरू झाली की आपल्याकडे ‘श्री’ स्पर्धांचा सीझन सुरू होतो. मैदानात मंडप, मोठे स्पीकर, वजनकाट्यापुढे रांग. आणि माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येत राहतो, “दादा, शो रविवारी आहे. पाणी बुधवारपासून कट करू की शुक्रवारपासून?”

उत्तर लगेच देतो, म्हणजे घाईत असलेला माणूस इथेच थांबू शकेल. कधीच नाही. पाणी प्यायचं, मीठ खायचं, आणि जिममध्ये कुणी “ही अर्धी गोळी घे, एकदम ड्राय होशील” म्हणालं तर ती घ्यायची नाही. थांबू शकलात तर पुढचंही ऐका, कारण नुसतं ‘नको’ म्हणून कुणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे.

आधी जरा गणित करू. समजा तुमचं वजन 75 किलो आहे आणि चरबी 14 टक्के. म्हणजे साडेदहा किलो चरबी, उरलेलं साडेचौसष्ट किलो स्नायू, हाडं, पाणी वगैरे. स्टेजवर कट्स दिसायला चरबी साधारण 5-6 टक्क्यांवर यावी लागते. स्नायू बऱ्यापैकी टिकवले तर तेव्हा तुमचं वजन 68 च्या आसपास असेल. म्हणजे सात किलो उतरवायचेत. स्नायू न गमावता आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरवणं ठीक मानतात. तुमच्यासाठी अर्धा किलो धरा. झाले की चौदा आठवडे! आता स्वतःला विचारा, तुम्ही डाएट कधी सुरू केलं? बहुतेक जण आठ आठवडे आधी करतात, त्यातले दोन आठवडे कुणाच्या तरी लग्नात जातात. मग शेवटच्या सोमवारी आरशात पोट धूसर दिसतं आणि कोच म्हणतो, “पाणी धरलंय रे.” पाणी कुठलं, ती उरलेली चरबी असते. आणि चरबी पाणी बंद करून जात नाही.

प्रोटीनचंही सांगून टाकतो. डाएटच्या काळात चरबी सोडून जे वजन उरतं, त्याच्या दर किलोमागे 2.3 ते 3.1 ग्रॅम. आपल्या उदाहरणात दिवसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम. वीस अंड्यांचे पांढरे, 300 ग्रॅम चिकन, 50 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, यातच दीडशेच्या पुढे जाता. ज्वारीची भाकरी बंद करायची काही गरज नाही, मोजून खा. पनीरवाल्यांनी मात्र पनीरमधली चरबी धरायला विसरू नका. हे सगळं कंटाळवाणं आहे. पण बॉडी याच चौदा आठवड्यांत बनते.

आता पाण्याकडे येऊ. स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. शिवाय स्नायूत साठणारं ग्लायकोजेन, म्हणजे भाताचा-भाकरीचा साठा, दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत धरून ठेवतं. तुम्ही भरलेले, गोल दिसता ते त्याच्यामुळे. कल्पना अशी असते की पाणी बंद केलं की फक्त त्वचेखालचं पाणी जाईल आणि स्नायूतलं राहील. शरीराकडे असा वेगळा नळ नाही. कमी होतं ते सगळीकडून, रक्तातूनसुद्धा. रक्ताचं प्रमाण घटलं की पंप येत नाही, शिरा दिसत नाहीत. मिठाचंही तसंच. मीठ एकदम तोडलं की शरीर घाबरून उरलेलं मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन वाढवतं. आतड्यातून ग्लुकोज आत घ्यायलाही सोडियम लागतं. म्हणजे तुम्ही मीठ बंद करून वर भात चापताय आणि तो भात नीट भरायला जे हवं तेच काढून घेतलंय. शनिवारी बरा दिसणारा पोरगा रविवारी स्टेजवर फ्लॅट दिसतो, आणि दोन दिवसांनी पोटभर खाऊन-पिऊन मस्त दिसतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

बक्षीस हुकलं तर पुढच्या वर्षी परत येता येतं. गोळ्यांचं तसं नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, फ्युरोसेमाइडसारख्या, पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढतात. हृदयाचा ठोका नीट पडायला पोटॅशियम ठरावीक मर्यादेत लागतं. काही गोळ्या उलट पोटॅशियम धरून ठेवतात. त्यावर कुणी पोटॅशियमची पावडर दिली तर ते वाढूनही हृदय बंद पडू शकतं. त्यामुळे कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर आलेला डोस वापरणं म्हणजे आंधळा कारभार.

मोहम्मद बेनअझिझा हे नाव जुन्या मंडळींना माहीत असेल. उंचीने छोटा, पण भल्याभल्यांना हरवणारा प्रोफेशनल. ऑक्टोबर 1992 मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच तो गेला. शरीरातलं पाणी पार संपलं होतं. वय 33. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर, ज्याची त्वचा कागदासारखी पातळ दिसायची, मार्च 1996 मध्ये अर्नोल्ड क्लासिकनंतर दोनच आठवड्यांत गेला. वय 31. त्याच्या बाबतीत डाययुरेटिक्ससोबत स्टिरॉइड्स आणि इतरही बरंच काही होतं. हे जगातले सर्वोत्तम लोक होते, पैसा होता, अनुभव होता. आपल्या जिममधल्या दादाकडे त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे का? आणि हो, वाडाच्या यादीत डाययुरेटिक्सवर बंदी आहे, स्पर्धेच्या काळातही आणि एरवीही.

वजनगटाचं प्रकरण वेगळं. 71 चे असाल आणि 70 मध्ये बसायचं असेल, तर तो एक किलो महिनाभर आधी उतरवा. जमत नसेल तर वरच्या गटात उतरा.

मग शेवटच्या आठवड्यात करायचं काय? आमच्या धंद्यात रिलीजच्या आदल्या रात्री कोडला कुणी हात लावत नाही. तेच. नवीन पदार्थ नको, नवीन सप्लिमेंट नको, पाणी नेहमीइतकं, मीठ नेहमीइतकं. पायांचा जड व्यायाम चार-पाच दिवस आधी थांबवा. शेवटचे दोन-तीन दिवस भात-बटाटा थोडा वाढवा, पण तो प्रयोग दोन-तीन आठवडे आधी एकदा करून, फोटो काढून, किती वाढवल्यावर छान दिसता ते पाहिलेलं असू द्या. आपल्या स्पर्धा कधी वेळेवर सुरू होत नाहीत. सातचा कार्यक्रम पाहुण्यांच्या सत्कारातून सुटून तुमचा गट येईपर्यंत रात्रीचे अकरा. तेवढा वेळ पुरेल इतकी केळी, भात आणि पाण्याची बाटली बॅगेत ठेवा. घोट-घोट प्या.

उरलेली ताकद पोझिंगला द्या. सक्तीच्या सातही पोझ रोज, प्रत्येक वीस सेकंद धरून, आरशाशिवाय. लाइटखाली श्वास रोखून थरथरणारा माणूस कितीही ड्राय असला तरी मागे पडतो.

एवढं सगळं नीट, औषधांशिवाय केलं तरी शरीर झिजतंच. 2013 मध्ये एका नॅचरल बॉडीबिल्डरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चरबी सुमारे 15 वरून साडेचार टक्क्यांवर आली, तेव्हा त्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला 27 पर्यंत उतरले आणि टेस्टोस्टेरॉन चौथ्या हिश्श्यावर आलं. स्पर्धेनंतर काही महिन्यांत बरंचसं पूर्ववत झालं. म्हणजे स्टेजवरचा माणूस दिसतो जबरदस्त, पण आतून थकलेला असतो. अशा शरीराला वरून आणखी कोरडं करायचं?

बॅकस्टेजला सोबत जाणाऱ्या मित्रांसाठी एक काम. कुणाला सारखे गोळे येतायत, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय किंवा तो असंबद्ध बोलतोय, तर मीठ-साखर चोळत बसू नका. गट सुरू असला तरी त्याला उचला आणि हॉस्पिटलला न्या. डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा, नसेल माहीत तर त्याच्या बॅगेतलं पाकीट सोबत घ्या. “काही घेतलं नाही” असं मित्राची लाज राखायला बोलू नका, कारण सलाइनमध्ये काय द्यायचं आणि काय नाही ते त्याच माहितीवर ठरतं.

पुढच्या भागात स्पर्धेनंतरचं खाणं, म्हणजे त्या रात्रीच्या बिर्याणीनंतर पुढचे दोन महिने. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आत बसवा.