तुलना आणि चढाओढ
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाडी, नागपूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. गुणवंत मुलामुलींचा सत्कार आताच झाला; थोड्या वेळाने सहभोजन होईल. अशा प्रसंगी गोड बोलून रजा घ्यावी हा शिष्टाचार आम्ही जाणतो. तरीही घराघरांत सलत असलेला एक विषय आज आपणांपुढे मांडावा असे मनाने घेतले आहे. तो विषय म्हणजे तुलना आणि तिच्या पोटी जन्मणारी चढाओढ.

दुसऱ्यास सांगण्यापूर्वी आपले घर झाडावे हे बरे. म्हणून आमचीच गोष्ट प्रथम सांगतो. आमच्या थोरल्या कन्येचे लग्न ठरले, त्याच्या आदल्या वर्षी आमच्या चुलत बंधूंनी आपल्या मुलीचे लग्न एका लॉनमध्ये मोठ्या थाटाने केले होते. आम्ही आपल्या पाहुण्यांची यादी करण्याऐवजी त्यांच्या पंगतीची पाने मोजली. आपला बँड उणा पडू नये, आपला आहेर हलका दिसू नये, या एकाच विचाराने भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढली व उरलेली पतसंस्थेतून उचलली. दोन वर्षांनी धाकट्या मुलाची फी भरण्याची वेळ आली तेव्हा हात रिकामे होते. त्याने आवडीचा अभ्यासक्रम सोडला आणि परवडणारा धरला. पुढे बोलता बोलता त्या बंधूंनीच सांगितले की, त्यांनीही कर्ज काढले होते, आणि तेही आपल्या साडूंचा मांडव पाहून! ज्यांच्याकडे पाहून आम्ही धावत होतो, ते स्वतः तिसऱ्याच्या मागे धावत होते.

असे का घडते? लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली या प्रश्नाचा विचार मांडला. वजन तराजूवर कळते, उंची पट्टीने कळते. परंतु आपण कितपत यशस्वी आहोत हे मोजण्यास असे साधन नसते. तेव्हा मनुष्य दुसऱ्या मनुष्यासच पट्टी करतो, आणि तीही फार दूरच्या नव्हे, तर आपल्यासारख्याच मनुष्याची. त्या सारख्यांत आपण किंचित सरस असावे अशी ओढ प्रत्येकास असते, व तिच्यातूनच चढाओढ पेटते.

आपली वाडीच पाहा. धनाढ्य उद्योगपतींच्या संपत्तीने आपली झोप उडत नाही. परंतु एकाच वर्षी कारखान्यात लागलेल्या, एकाच पाळीत राबलेल्या, एकाच नमुन्याच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या सोबत्याने निवृत्तीनंतर घरावर दुसरा मजला चढविला की आपले पहिल्या मजल्याचे घर आपणांस एकाएकी ठेंगणे दिसू लागते. घर तेच असते. बदललेली असते ती पट्टी.

याचा अर्थ स्पर्धा सर्वस्वी वाईट असा नव्हे. कुस्तीच्या आखाड्यात तोलामोलाची जोड लावतात, म्हणूनच दोन्ही मल्लांचे कसब वाढते. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत घडलेल्या त्या मल्लाने खचून न जाता मॅटवरील कुस्तीची तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सुवर्ण हुकले म्हणून गावकरी हळहळत बसले नाहीत. त्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंचे चेहरे अभ्यासून संशोधकांनी १९९५ साली असे दाखविले की, रौप्यपदक मिळविणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळविणारे अधिक आनंदी दिसतात. दुसऱ्याची दृष्टी हुकलेल्या सुवर्णावर असते. तिसरा मात्र पदक लाभले यातच धन्य असतो. सुखदुःख स्थानावर तितके अवलंबून नसते, जितके ते आपण कोणाकडे पाहतो यावर असते.

आता कटू वाटले तरी बोलतो. सारख्या सारख्यांस एकत्र आणणे हेच ज्ञातिमंडळाचे कार्य. म्हणून तुलनेचा विस्तव सर्वांत लवकर पेटतो तो इथेच. सत्काराच्या वेळी टक्के मोठ्याने वाचले जातात. त्याच वेळी मागच्या रांगेत बसलेल्या मुलाकडे त्याची आई ज्या नजरेने पाहते, ती नजर आम्ही आज पुन्हा पाहिली. त्या मुलाने गतवर्षीपेक्षा किती मजल मारली हे आपण विचारलेच नाही.

आपल्या वाडीवरून जाणारा रस्ता अमरावतीकडे जातो. त्याच रस्त्यावर मोझरीचे गुरुकुंज आहे, जेथून तुकडोजी महाराजांनी साधेपणाची शिकवण गावोगावी नेली. त्याच अमरावती जिल्ह्यात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. ऋण काढून सण करू नका, लेकरांस शिकवा, हे त्यांनी कीर्तनांतून जन्मभर सांगितले. आपल्या मुलीच्या बारशाला रूढीचे मद्यमांस नाकारून त्यांनी गोडाचे जेवण घातले, अशी आठवण सांगतात. भाऊबंदांचा रोष त्यांनी पत्करला. परंतु आरंभ आपल्याच अंगणातून केला.

आपणही तेच करावे. पुढील वर्षापासून सत्कारात टक्के न वाचता नावे वर्णानुक्रमाने वाचावीत, आणि ज्याने आपल्याच मागील यशावर मात केली त्यासही हाच मान द्यावा. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या घरची लग्ने साधेपणाने करून दाखवावीत. कारण तुलना मनुष्यस्वभावातच आहे, ती सुटणार नाही. पण पुढच्याने साधा मांडव घातला, तर मागचा त्याच्याकडेच पाहून निःसंकोच साधा मांडव घालील. जी चढाओढ आज कर्जात लोटते, तीच उद्या कर्जातून सोडवील.

आमच्या धाकट्या मुलाचे लग्न येत्या उन्हाळ्यात घराच्या अंगणात होणार आहे. आपण सर्वांनी अगत्य यावे, आणि कृपा करून पाने मोजू नयेत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.