मेंदूज्वरानंतर कानाची परीक्षा



मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या ज्वरातून, ज्यास डॉक्टर मेनिन्जायटिस म्हणतात, मूल वाचले म्हणजे घरी आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु एक गोष्ट ताबडतोब पाहावयास हवी : त्यास ऐकू येते काय? हाकेस ते वळले नाही तर आई म्हणते, अशक्तपणा आहे. आजी म्हणते, हट्टी झाले आहे. चालते मूल पुन्हा धडपडू लागले तर तोही अशक्तपणाच समजला जातो. वास्तविक तोल राखणारे व ऐकणारे इंद्रिय अंतःकर्णात एकमेकांच्या शेजारीच असतात, आणि हा रोग दोहोंसही ग्रासू शकतो.

ऐकण्याचे इंद्रिय शंखासारखे, सुमारे अडीच वेढ्यांचे असते. त्यातील सूक्ष्म केसपेशी नष्ट झाल्या तर पुन्हा उगवत नाहीत, आणि मग साध्या श्रवणयंत्राने आवाज कितीही वाढविला तरी तो घेणारे कोणी उरत नाही. अशा वेळी कॉक्लियर इम्प्लांट उपयोगी पडते. कानामागील यंत्र आवाज टिपते व शंखात घातलेली बारीक तार त्याचे विद्युत्संकेत थेट श्रवणाच्या मज्जातंतूस पोचविते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७७ साली समुद्रकिनारी एका शंखात गवताचे पाते सरकवून पाहिले. बुडाशी ताठ व टोकास लवचीक असे ते पाते वळत वळत खोल गेले, आणि तार कशी असावी हे त्यांस उमगले. पुढील वर्षी त्यांनी मेलबर्न येथे पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजविणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने हे प्रमुख होत.

आता मुख्य मुद्दा. ह्या ज्वरानंतर शंखाच्या पोकळीत हाड भरू लागते, कधी काही आठवड्यांतच. पोकळी बुजली म्हणजे तार आत घालणे कठीण, प्रसंगी अशक्य होते. 'मोठा झाला की बोलेल' हे आपल्याकडील लाडके वाक्य येथे घातक आहे. रुग्णालय सोडण्यापूर्वी, निदान चार आठवड्यांच्या आत, श्रवणपरीक्षा मागून घ्यावी. मूल निजलेले असतानाही ती करता येते.

खर्च लाखांच्या घरात जातो. केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून, वयाच्या व उत्पन्नाच्या अटींवर, साहाय्य मिळते. त्याचे काम वांद्रे येथील, १९८३ साली स्थापन झालेली, अली यावर जंग संस्था पाहते. बोईसरहून विरारास गाडी बदलून तेथे जाता येते. बहिरेपण मेंदूज्वराने आले, हे तेथे सर्वांआधी सांगावे, कारण ह्या मुलास थांबण्यास वेळ नसतो.

शस्त्रक्रियेनंतर यंत्र काही आठवड्यांनी सुरू होते. प्रथम नुसता गोंगाट वाटतो. शब्द ओळखण्यास महिनोन् महिने शिकवावे लागते. १८८० नंतरच्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांनी मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा काढली, तेव्हा शिकविणे एवढाच उपाय होता. यंत्र आले तरी ते काम सुटलेले नाही. आणि ज्याच्या कानात तार जाऊ शकत नाही, त्यास खुणांची भाषा शिकविण्यात कमीपणा कसला?

राहिली लस. हीब व न्यूमोकोकस ह्या दोन जंतूंपासून होणारा मेंदूज्वर लसीने बहुतांशी टळतो. दोन्ही लसी सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात, न्यूमोकोकसची २०२१ पासून देशभर. घरी गेल्यावर मुलाचे लसीचे कार्ड एकदा उघडून पाहावे.